शिमग्यात प्लंबर मिळत नाही

आम्ही जिच्यात राहून कोकण किनाऱ्याने फिरतोय त्या गाडीतल्या पाण्याचं सगळं यंत्र कागदावर चार ओळींत मावतं. मागच्या पलंगाखाली ९० लिटरची प्लॅस्टिकची टाकी. तिच्या बुडाशी टँक निपल, तिथून पाईप, मग जाळीचा छोटा फिल्टर, मग १२ व्होल्टवर चालणारा पंप. पंपाच्या पुढे दोन फाटे: एक सिंकच्या नळाला, दुसरा मागच्या दाराबाहेरच्या हातशॉवरला. पंपाच्या डोक्यावर प्रेशर स्विच. नळ उघडला की पाईपमधला दाब उतरतो आणि पंप सुरू होतो, नळ मिटला की दाब चढतो आणि पंप आपोआप थांबतो. घरी गच्चीवरच्या टाकीला यातलं काहीच लागत नाही, उंचीच पंपाचं काम करते. गाडीत उंची नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

आमची ट्रॅव्हलर जुनी. शाळेच्या पोरांची ने-आण करून दमल्यावर आमच्याकडे आली. तिच्यात ज्यांनी ओटा, पलंग, कपाटं बसवून दिली त्यांचं सुतारकाम देखणं आहे, पण पाण्याचं काम त्यांनी फ्लॅटमध्ये करावं तसं केलं होतं. सीपीव्हीसीचे ताठ पाईप, प्रत्येक वळणावर एल्बो, सगळं सोल्यूशन लावून कायमचं चिकटवलेलं. फ्लॅटची भिंत हलत नाही. ट्रॅव्हलरची भिंत पेणपासून सावंतवाडीपर्यंत हलतच असते. त्यात भरलेली टाकी म्हणजे ९० किलोचं वजन. गतिरोधकावर ब्रेक दाबला की ते सगळं पुढे सरकतं आणि त्याचा हिसका बसतो तो अर्ध्या इंचाच्या एका जोडावर. ताठ पाईप वाकत नाही, तडकतो. हे सगळं हरिहरेश्वरपासून खाली उतरत जाताना एकेक करून समजत गेलं, तेही बहुतेक वेळा गुडघ्यावर बसून.

कामाची वाटणी अशी: नवरा गाडी चालवतो, सासूबाई रस्ता सांगतात (माहेर गुहागरचं, त्यामुळे गुगलवर विश्वास नाही), आणि पाना माझ्या हातात. दुकानदार मात्र "कितीचा पाईप देऊ?" हे नवऱ्यालाच विचारतात. तो माझ्याकडे बघतो. मग दुकानदारही माझ्याकडे बघतो, पण पुढचा प्रश्न पुन्हा त्यालाच.

पहिलं नुकसान बागमांडल्याच्या जेट्टीवर झालं. सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला जायला फेरीबोट आहे. भरतीला बोटीचं फळकं आणि जेट्टी जवळजवळ एका पातळीत असतात, ओहोटीला जेट्टीचा उतार तीव्र होतो आणि लांब शेपटाच्या गाडीचं बूड घासतं. आमचा टाकी रिकामी करायचा कॉक चेसिसच्या खाली बोटभर लोंबत होता. फळक्यावर चढताना खट्कन आवाज आला आणि मागे उभा असलेला मोटरसायकलवाला ओरडला, "ताई, डिझेल गळतंय!" डिझेल नव्हतं, पण बोटीवर सांडत होतं ते पाणीही कोकणातल्या मार्च महिन्याचं होतं. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जांभ्याचा दगड तो धरून ठेवत नाही. होळीच्या सुमाराला विहिरी उतरायला लागतात, आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. सकाळी ज्यांच्या विहिरीवरून टाकी भरली होती त्या काकूंचा चेहरा डोळ्यापुढे आला. मी गाडीखाली शिरून तुटक्या थोटकाला अंगठा लावून बसले. खाडी ओलांडेपर्यंत बाही खांद्यापर्यंत भिजली.

पलीकडे किनाऱ्यावर एक होडी उलटी घालून दुरुस्तीचं काम चाललं होतं. तिथल्या चाचांनी माझा अंगठा बघितला, गाडीखाली वाकून भोक बघितलं आणि काही न विचारता पायाशी पडलेला हलक्या, मऊ लाकडाचा एक तुकडा उचलला. चाकूने गाजरासारखा निमुळता तासला. भोकात धरून बघितला, पुन्हा तासला. मग लाकडी हातोड्याचे दोन ठोके, आणि बाहेर राहिलेला भाग करवतीने सपाट.

"थोडं झिरपेल," ते म्हणाले. "झिरपू दे. लाकूड पाणी प्यालं की फुगतं, मग कुणाच्या बापाला निघत नाही. कडक लाकूड घेऊ नको, ते फुगत नाय. आणि एम-सील वगैरे लावू नको, उद्या बदलायचं झालं तर काय करशील?"

रात्री थेंब पडत होता. सकाळी कोरडं. होडीवाले असली बुचं होडीत ठेवूनच असतात. पैसे विचारले तर त्यांनी हातोड्याने हवेतच नाही म्हटलं. आता खोक्यात अशी तीन-चार बुचं असतात, वेगवेगळ्या जाडीची.

केळशीला पंपाने वेगळंच नाटक सुरू केलं. टाकी भरल्यावर नळ उघडला तर फुस्स, थुंकल्यासारखं पाणी, पुन्हा फुस्स. नळ बंद केला तरी पंप थांबेना. बटण बंद करावं लागलं.

पंपाचा आवाज ओळखायला शिकलं की निम्मं काम होतं. नळ सगळे बंद आहेत आणि तरी मध्येच, रात्री वगैरे, पंप दोन सेकंद टर्रर्र करून गप्प होतो: म्हणजे पंपाच्या पुढे कुठेतरी गळतंय, दाब हळूहळू उतरतोय, किंवा पंपाच्या आतल्या झडपेतून पाणी उलटं टाकीत जातंय. पंप मुळीच बोलत नाही: म्हणजे आधी फ्यूज बघा, मग वायर, मग स्विच. आणि पंप थांबतच नाही, नळ थुंकतो: म्हणजे पंप पाण्याबरोबर हवा ओढतोय. हा तिसरा प्रकार सगळ्यात त्रासदायक, कारण काहीच दिसत नाही. पंपाच्या पुढची गळती ओल दाखवते. पंपाच्या मागच्या बाजूला पंप ओढत असतो, त्यामुळे फटीतून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. जोड हाताला कोरडा लागतो आणि चोर तोच असतो.

हवा कुठून येते ते बघायला पारदर्शक पाईप हवा. गवंडी पातळी काढायला वापरतात ती लेव्हल ट्यूब कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. आंजर्ल्याला तिचे दोन वीतभर तुकडे घेतले. एक टाकी आणि फिल्टरच्या मध्ये लावला, एक फिल्टर आणि पंपाच्या मध्ये. पंप चालू करून सासूबाईंना टॉर्च धरायला बसवलं. पहिल्या तुकड्यातून पाणी सरळ चाललं होतं, एकही बुडबुडा नाही. दुसऱ्यात बुडबुड्यांची माळ.

"हा डबा," सासूबाई फिल्टरकडे बोट करून म्हणाल्या. "अगो, उघड की तो."

फिल्टर म्हणजे मुठीएवढं पारदर्शक भांडं आणि त्यावर पिळाचं झाकण. उघडलं तर जाळीवर जांभ्याची लाल माती बसलेली, बोटाला लागेल इतकी बारीक. ती बसली की पंपाला जोर लावून ओढावं लागतं, आणि जितका जोर जास्त तितकी तो कुठल्याही फटीतून हवा ओढतो. झाकणाचा वायसर चपटा होऊन त्याला तिरकी चीर गेली होती. तसला वायसर आंजर्ल्यात कुठे मिळणार? पण सायकलचं दुकान होतं. जुन्या ट्यूबचा तुकडा मागून घेतला, झाकण त्यावर ठेवून पेनने दोन गोल आखले, बाहेरचा कात्रीने आणि आतला ब्लेडने कापला. पहिला जरा पातळ झाला म्हणून एकावर एक असे दोन बसवले. बुडबुडे गेले.

लेव्हल ट्यूब मात्र तशीच ठेवायची नाही, हे हर्णैच्या दुकानात कळलं. मासेमारी बंदराजवळची दुकानं हा या किनाऱ्याचा खजिना आहे असं माझं मत आहे. शहरातल्या ऑटोमोबाईलवाल्याकडे जे 'मागवून देतो' म्हणून ऐकायला मिळतं ते इथे दोरीला टांगलेलं असतं, कारण होडीला खाऱ्या पाण्यात ते रोज लागतं. मालकाने माझा पाईप दोन बोटांत दाबून दाखवला. "ही दुपारी गरम झाली ना की नरम पडते. पंपानं ओढलं की दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. पाणी बंद." मग त्याने आत तार वेटोळी घातलेला सक्शन पाईप काढला. तो चेपत नाही. आणि पाईप आवळायच्या स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा दिल्या, लोहचुंबक चिकटत नाही हे दाखवत. साध्या क्लिपा किनाऱ्यावर महिन्याभरात गंजतात, मग स्क्रू फिरवायला गेलं की डोकंच तुटून हातात येतं.

तो पाईप घट्ट होता, नोझलवर काही केल्या चढेना. नवऱ्याने जोर लावला, मी लावला. शेवटी बंदराच्या तोंडाशी असलेल्या चहाच्या टपरीवर गेलो. टपरीवाल्याने उकळतं पाणी स्टीलच्या पेल्यात ओतून दिलं. पाईपचं टोक त्यात धरलं, पन्नासपर्यंत मोजलं, फडक्यात गुंडाळून नोझलवर दाबलं तर साबण लावल्यासारखं सरकन गेलं. गार झाल्यावर ते क्लिपशिवायही सुटेना, तरी क्लिप आवळली. टपरीवर लिलावाहून परतणारी दोन माणसं उभी होती. त्यांनी चहा संपेपर्यंत सगळं बघितलं आणि जाताना नवऱ्याला विचारलं, "गाडीत मासे ठेवता काय?"

दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो आणि गुहागरला पोचेपर्यंत सिंकखालचा एल्बो तडकला. ही पुढच्या बाजूची गळती, दाबाची, त्यामुळे उघडपणे पिचकारी. कपाटातलं तांदळाचं पीठ भिजलं. सासूबाईंच्या चुलतभावाच्या अंगणात गाडी लावली आणि मामांनीच त्यांच्या ओळखीच्या प्लंबरला फोन लावून दिला.

"ताई, पालखी सहाणेवर हाय," पलीकडून ढोलाच्या आवाजातून ऐकू आलं. सहाण म्हणजे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी ठेवायची जागा. "आज नाय जमायचं."

"उद्या?"

"उद्या वरच्या वाडीत."

"परवा?"

"परवा खालच्या वाडीत. तुमच्याकडं पन येनार पालखी, तवा बघतो."

कोकणात शिमग्याला मुंबईहून माणूस रजा टाकून येतो, तिथे गावातला प्लंबर पालखी सोडून माझ्या एल्बोपाशी बसेल ही अपेक्षाच चुकीची. तेव्हा पाना पुन्हा माझ्याकडेच.

रात्रीपुरतं सायकलच्या ट्यूबनेच भागवलं. ट्यूब उभी चिरून दोन बोटं रुंद लांब पट्टी काढायची. तडा जिथे आहे तिथून नाही, त्याच्या चांगलं अलीकडून सुरुवात करायची. पट्टी ताणून जवळजवळ निम्म्या रुंदीची होईल इतकी खेचायची आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवायचा. ताणलेलं रबर आत दाबत राहतं, चिकटपट्टी दाबत नाही, फरक तो. शेवटचं टोक सुतळीने आवळायचं. एल्बोच्या वळणावर हे करताना बोटं सोलतात, पण आमच्या पंपाचा अडीच किलोचा (म्हणजे चौरस सेंटिमीटरला अडीच किलो) दाब त्याने सकाळपर्यंत धरला.

सकाळी बाजारातल्या हार्डवेअरवाल्याने दर्शनाला जायच्या आधी अर्धं शटर वर करून सामान दिलं: अर्ध्या इंचाचे दोन एमटीए (एका टोकाला पाईप चिकटतो, दुसऱ्या टोकाला बाहेरून आटे असतात ते जोड), आट्यांवर बसणारी दोन पितळी नोझल जोडासकट, टेफ्लॉन टेप, सोल्यूशनची छोटी डबी, दोन मीटर जाळीचा पाईप (आत दोऱ्याची जाळी असलेला, वाकणारा), हॅक्सॉ ब्लेड. ब्लेडला फ्रेम नको, सिंकखाली फ्रेम फिरतच नाही. ब्लेडच्या एका टोकाला फडकं गुंडाळून हातानेच कापायचं. एल्बोच्या दोन्ही बाजूंना ताठ पाईप कापून टाकला. उरलेल्या टोकांच्या कडा साफ केल्या, आतून कोरड्या केल्या. सोल्यूशन ओल्या पाईपवर नीट धरत नाही, आणि गाडीत पाईप पूर्ण रिकामा झाला असं वाटलं तरी वरून एक थेंब येतोच. तो येऊ नये म्हणून नळ उघडा ठेवून शॉवरच्या टोकातून फुंकर मारली. मग एमटीए चिकटवले आणि त्यांना दुपारपर्यंत हात लावला नाही. दुपारी आट्यांवर टेप गुंडाळला, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने, नाहीतर बसवताना टेप गोळा होऊन बाहेर येतो. नोझल बसवली आणि दोन्हींच्या मध्ये जाळीच्या पाईपचा सैलसर कमानीसारखा तुकडा. एल्बो गेला, त्याच्या जागी हलू शकणारं काहीतरी आलं. संध्याकाळी टाकीजवळचा ताठ तुकडाही असाच काढला, तो तडकायची वाट कशाला बघा.

पालखी तिसऱ्या प्रहरी अंगणात आली तेव्हा मी हाताला सोल्यूशन लावूनच उभी होते. सासूबाईंनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घालणाऱ्या गुरवांच्या कानात काहीतरी सांगितलं. मुलाबाळांचं, नोकरीधंद्याचं, आंब्याकाजूचं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आनि ह्यांच्या गाडीतल्या पान्याला जी काय अडचन आली आसंल ती दूर कर रे म्हाराजा!" सगळं अंगण एका सुरात "व्हय म्हाराजा!" पालखी नाचवणाऱ्यांत प्लंबर होता. नंतर घाम पुसत सिंकखाली डोकावला आणि म्हणाला, "क्लिप आनखी एक लावा." एकेका टोकाला दोन क्लिपा लावल्या.

देवाने पाईपचं ऐकलं, पंपाचं राहून गेलं. तवसाळ-जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, पावस, सगळं सुरळीत. जैतापूर मागे टाकून विजयदुर्गाकडे निघालो आणि पंप गप्प. फ्यूज ठीक. स्विचची टोकं उघडली तर तांब्यावर हिरवा थर. आधीच्या गळतीचं पाणी आणि खारी हवा, दोन्हींनी मिळून खाल्लं होतं. सासूबाईंनी आमसुलाच्या पाण्यात बुडवलेलं फडकं दिलं, घरची तांब्याची भांडी त्या तशीच घासतात. आंबट लागलं की हिरवं निघतं आणि खालून लाल तांबं दिसतं. मग साध्या पाण्याने पुसून, वाळवून जोडायचं, आंबट राहिलं तर पुन्हा खातं. पंप सुरू झाला आणि मुक्कामाला पोचायच्या आत घरघरून कायमचा बसला. मोटरच्या आतच पाणी गेलं होतं.

त्या रात्री पाण्यासाठी २० लिटरचा कॅन टपावर चढवला. बुचाला भोक पाडून जाळीचा पाईप आत घातला, खिडकीतून थेट सिंकमध्ये आणला, तोंडाने ओढून धार सुरू केली आणि टोकाला बागेच्या पाईपचा प्लॅस्टिकचा कॉक. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो. टपापासून सिंकपर्यंत दीड मीटरही नाही, म्हणजे दाब नावालाच. पण भांडी घासायला, तोंड धुवायला धार पुरते. सासूबाई म्हणाल्या, लहानपणी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पोफळीच्या खोडाच्या पन्हळीतून परसात यायचं, तेव्हा कोणता पंप होता? खरं आहे. शॉवरला मात्र पन्हळ चालत नाही. बादली घेतली.

देवगडला पंप मिळेल ही आशा नव्हती. आमच्या पंपाचा प्रकार परदेशी गाड्यांसाठी बनतो, कुरिअरने मागवावा लागतो, यायला आठवडा. जामसंड्यात शेतीच्या औषधांचं दुकान दिसलं तिथे मी फक्त क्लिपा मागायला गेले. मेलेला पंप हातातच होता. काउंटरवरच्या काकांनी तो घेतला, उलटा केला, स्विचचं टोपण बघितलं.

"ह्यो खयसून आणलात?"

मी सांगितलं.

"ह्यो तर आमचो फवारणीचो पंप," ते म्हणाले आणि मागच्या फळीवरून एक खोका काढला.

आंब्याच्या बागेत पाठीवर घेऊन फिरतात ना, बॅटरीवरचे फवारे, त्यांच्या पोटात हाच पंप असतो. १२ व्होल्ट, रबरी पडदा आत-बाहेर हलवणारी मोटर, डोक्यावर प्रेशर स्विच. यंत्र तेच, आकार जरा लहान, किंमत आमच्या पंपाच्या मानाने किरकोळ. हापूसच्या मोहोरावर तुडतुडा येतो म्हणून हंगामात फवारण्या होतात, पंप बिघडतात, म्हणून देवगड तालुक्यात असला पंप लांब शोधावा लागत नाही. काकांच्या मुलाकडे दुरुस्तीचा, तुलनेने अगदीच स्वस्त, जुना पंपही होता. मी त्याकडे बघतेय हे काकांनी हेरलं.

"पाण्याक नवोच घेवा. जुन्यात औषध रवता, कितीय धुवा."

हे इतकं स्वच्छ सांगणारा दुकानदार भेटला म्हणून बरं. नवीन पंपसुद्धा आधी बादलीतून बादलीत चालवून भरपूर पाणी काढून टाकलं, आणि पिण्याचं पाणी तेव्हापासून टाकीत नाहीच, वेगळ्या कळशीत.

फरक दोन होते. एक, याची नोझल बारीक, आमचा पाईप जाड. फवाऱ्याचा काळा पाईप पंपाच्या नोझलवर बसतो, आणि त्याची बाहेरची जाडी आमच्या पाईपच्या आतल्या भोकाएवढी निघाली. म्हणून काळ्या पाईपचा चार बोटं तुकडा पंपावर, आणि त्यावर आमचा पाईप, दोन्हीकडे क्लिप. दुसरा फरक गंभीर. फवारणीला धुकं हवं असतं म्हणून या पंपाचा स्विच सात किलोच्या आसपास दाब गेल्यावरच पंप बंद करतो. आमची सगळी जोडणी अडीच किलोच्या हिशोबाची. नळ बंद केला की पंप चालूच राहणार, दाब चढत जाणार, आणि कुठलातरी जोड रात्री उडणार.

"नळ बंद आसताना चलवल्यात तर पायप उडतलो," काका म्हणाले. त्यांच्या मुलाने स्विचच्या डोक्यावरचा बारीक स्क्रू उलटा फिरवून दाब उतरवून बघितला. थोडा उतरला, पण पुरेसा नाही. टाकीत परत जाणारा फाटा काढायचा असाही एक उपाय होता, टी आणि कॉक लावून, जास्तीचं पाणी टाकीत उलटं. त्याला पाईप पुरणार नव्हता. मग त्याच मुलाने समोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून दाराच्या घंटीचं बटण आणलं. पंप अडीच-तीन अँपिअर घेतो, बटणावर सहा लिहिलं होतं. ते सिंकच्या कडेला बसवून पंपाची वायर त्यातून नेली, मध्ये जुना फ्यूज तसाच. आता नियम असा: आधी नळ उघडायचा, मग घंटी दाबायची; सोडायची घंटी आधी, नळ नंतर. दाब चढायला वावच नाही. सासूबाईंना हे फार आवडलं. पाणी जितकं हवं तितकंच दाबलं जातं, आणि खरोखरच टाकी पूर्वीपेक्षा जास्त टिकायला लागली.

पंप पाट्याला घट्ट आवळला होता, तो सगळी गाडी थरथरवत होता. काकांनी जाताना आंब्याच्या पेटीत घालतात तसल्या फोमचा तुकडा दिला, तो खाली घातल्यावर आवाज निम्मा झाला.

मालवणला टाकी धुतली. इतक्या ठिकाणी उघडलेली, गाळ आलेली, कुणाकुणाचे हात लागलेली टाकी तशीच भरणं बरं नाही. घरगुती वापराचं, वास-रंग नसलेलं साधं पाच टक्के हायपोक्लोराईट मिळालं तर १०० लिटरला १०० मिलिलिटर, या मापाने घालून टाकी पूर्ण भरायची. प्रत्येक नळ क्लोरिनचा वास येईपर्यंत सोडायचा म्हणजे पाईपमध्येही ते पोचतं, मग चार तास तसंच ठेवायचं. ते पाणी माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ सोडायचं नाही. आम्ही मुक्कामाच्या घरच्यांना विचारून न्हाणीच्या मोरीत थोडं थोडं सोडलं. नंतर दोनदा स्वच्छ पाण्याने खळबळून घेतली, आणि हे पाणी विकतच्या टँकरचं होतं, कुणाच्या विहिरीचं नाही.

शॉवरची धार मात्र अजून बारीकच आहे. फवारणीचा पंप मिनिटाला जेमतेम चार लिटर देतो, केस धुवायला ते कमीच. फवाऱ्यांमध्ये आता दोन मोटरचेही येतात, जामसंड्याच्या काकांकडे होता एक. वेंगुर्ल्याहून परतताना तो घ्यायचा आणि परत जाणारा फाटाही तेव्हाच काढायचा असं ठरलंय. घंटी ठेवायची की काढायची यावर घरात एकमत नाही.